मदत बाहेरची, कारभार गावचा



गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या परतल्या, की आपल्या कार्यक्षेत्रात पारावर दोनच विषय निघतात. एक, अंतिम दर काय बसणार. आणि दुसरा, पिण्याचं पाणी किती दिवस पुरणार. पहिल्या विषयावर आम्ही या पानावर वेळोवेळी लिहीतच असतो. आज दुसऱ्याविषयी चार शब्द लिहायचे ठरविले आहे. विषय पाण्याचा असला तरी मुद्दा कारभाराचा आहे, आणि कारभाराचा मुद्दा सहकारातल्या माणसाला नवा नाही.

निमित्त असे घडले. कार्यक्षेत्रातल्या एका गावी काही कामानिमित्त गेलो होतो. गावाच्या वरच्या अंगाला पाण्याची उंच टाकी उभी आहे. टाकीच्या भिंतीवर योजनेचे नाव, खर्चाचा आकडा आणि बाहेरून मिळालेल्या साहाय्याचा उल्लेख अजून नीट वाचता येतो. टाकीत मात्र पाणी नाही. चौकशी केली तर समजले, मोटार जळून बरेच दिवस झाले. लाइट बिलही थकलेले. एका जाणत्या गृहस्थांना विचारले, "दुरुस्ती का करत नाही?" ते म्हणाले, "ज्यांनी बांधली त्यांनी करावी की! आमाला काय विचारून बांधली व्हय?"

या उत्तराचा राग यावा असे आहे. पण विचार केला तर त्यात निम्मे सत्यही आहे. बाहेरच्या मदतीने आपल्या गावांत, पंचायतींत, जिल्हा परिषदांत गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुष्कळ सुधारणा आल्या. काही रुजल्या, काही वाळून गेल्या. कोणत्या रुजल्या आणि का रुजल्या, याचा हिशेब आपण कधी मांडलाच नाही. परदेशी पैसा म्हटला की काहींना ती गुलामगिरी वाटते, तर काहींना वाटते की आता सगळे आपोआप होईल. आमच्या मते दोघेही चुकतात. पैसा कुणाचा यापेक्षा कारभार कुणाचा, हा प्रश्न मोठा आहे. तीन उदाहरणे देतो. तिन्ही आपल्याच मुलखाशी निगडित आहेत.

हापशाची गोष्ट

पहिले उदाहरण साध्या हापशाचे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशात मोठे दुष्काळ पडले. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने, म्हणजे युनिसेफने, कठीण खडक फोडणारी विंधन यंत्रे आपल्याकडे आणली. गावोगाव विंधन विहिरी झाल्या. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या विहिरींचे मोल सांगायला नको. परंतु विहिरीवर बसविलेले हातपंप बिडाचे होते, आणि त्यांचा नमुना परदेशातल्या एकेका कुटुंबाच्या वापरासाठी तयार झालेला. तिकडे दिवसाला दहा-वीस कळशा उपसायच्या, इकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव रांगेत. पंप टिकणार कसा? १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा बसविलेल्या पंपांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बंद आढळले. यंत्रे परदेशातून आली, विहिरी झाल्या, पैसा खर्च झाला, आणि कळशी कोरडीच राहिली.

यावर उपाय कुठे सापडला? आपल्याच महाराष्ट्रात. जालना आणि सोलापूर या भागांत मिशनच्या मंडळींनी आणि इथल्या कारागिरांनी पोलादी, जोडकामाचे, अख्ख्या गावाचा भार सोसतील असे पंप आधीच तयार केले होते. ते 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' या नावांनी ओळखले जात. युनिसेफच्या तज्ज्ञांचा मोठेपणा हा, की त्यांनी आपला नमुना आपल्यावर लादण्याचा हट्ट सोडला आणि सोलापूर पंप हाताशी धरला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्याच्या साहाय्याने त्यात सुधारणा केल्या, कोइमतूरकडे चाचण्या घेतल्या, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क दोन' हा पंप तयार झाला. आज आपण ज्याला नुसता 'हापसा' म्हणतो तो हाच. पुढे तो आफ्रिकेतल्या देशांतही गेला.

गोष्ट इथे संपत नाही. मार्क दोन मजबूत होता, पण बिघडला तर खालचे पाइप वर ओढायला गाडी आणि पथक लागे. ते यायचे तालुक्याहून. म्हणून पुढे 'मार्क तीन' निघाला. त्यात पाइप रुंद ठेवला, म्हणजे पाइप न काढताच आतला दट्ट्या वर घेऊन वॉशर बदलता येतो. हे काम गावातला माणूस करू शकतो. मदतीचा खरा अर्थ आम्हाला या वॉशरमध्ये दिसतो. वस्तू देणे ही पहिली पायरी. ती गावाच्या हाताने दुरुस्त होईल अशी करून देणे ही शेवटची. पहिल्या पायरीवरच जी मदत थांबली, तिचा हापसा गंजला.

आधी श्रमदान, मग अनुदान

दुसरे उदाहरण पाणलोटाचे. १९९० च्या दशकात जर्मनीच्या साहाय्याने आणि नाबार्डच्या मार्फत महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम झाला. त्यामागची मुख्य प्रेरणा हर्मन बाखर या जेझुइट धर्मगुरूंची. ते जन्माने स्वित्झर्लंडचे, पण आयुष्य त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, शेतकऱ्यांत काढले. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे या कार्यक्रमातले एक गाव पुष्कळांनी पाहिले असेल.

या कार्यक्रमाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. पैसा आधी नाही. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरवून पाळायची, पाणलोट समिती गावाने निवडायची. मग शिवाराच्या एका लहान तुकड्यावर काम करून शिकायचे. ते जमले तर पुढे संपूर्ण पाणलोटाचा आराखडा. आपल्याकडे नवीन बेणे आले की शहाणा शेतकरी आधी दोन-चार सऱ्या लावून बघतो, पहिल्याच साली सगळा पट्टा त्याखाली घालत नाही. तसेच हे. परक्याच्या पैशाला गावाने अट घालायची असते असे आपण समजतो. इथे पैशानेच गावाला अट घातली, आणि अट कोणती, तर आधी एक व्हा.

अर्थात एक शंका राहते. समिती प्रकल्पाची, ग्रामपंचायत वेगळी. प्रकल्प संपला, कार्यालय बंद झाले, म्हणजे समितीला वाली कोण? ज्या गावी समितीने आणि पंचायतीने हातात हात घातला तिथे बांध-बंधारे राखले गेले. जिथे दोघांत चढाओढ लागली तिथे चराईबंदी पहिल्यांदा मोडली. बाहेरची मदत गावात दुसरी चूल मांडून गेली, तर पहिली चूलही विझण्याचा धोका असतो.

दहा टक्क्यांचा भाग

तिसरे उदाहरण सर्वांत जवळचे. जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रात २००३ ते २००९ या काळात 'जलस्वराज्य' प्रकल्प राबविला गेला. २६ जिल्ह्यांत त्याचे काम झाले. पुणे, अहमदनगर आणि औरंगाबाद (आताचे अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर) या तीन जिल्ह्यांत जर्मन बँकेच्या साहाय्याने 'आपलं पाणी' या नावाने तशाच पद्धतीचा प्रकल्प झाला. जलस्वराज्यचा दुसरा टप्पा २०१४ मध्ये सुरू झाला.

पहिल्या टप्प्यासाठी जागतिक बँकेने दिलेली रक्कम सुमारे १८ कोटी डॉलर. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पारावर तिचा नेहमी घोटाळा होतो. ही देणगी नव्हती. सवलतीचे, लांब मुदतीचे, पण कर्जच होते. ते सरकार फेडणार म्हणजे तुम्ही-आम्हीच फेडणार. सोसायटीचे पीककर्ज काढताना आपण सात-बारा, आठ-अ घेऊन दहा फेऱ्या मारतो आणि व्याजाचा पैसा न् पैसा विचारतो. मग गावाच्या नावावर आलेल्या पैशाबाबत "सरकारचंय ना, येऊ द्या की!" असे आपण कसे म्हणतो, हे कोडे आम्हाला उलगडलेले नाही.

या प्रकल्पाने कारभारात जे बदल आणले ते मात्र मोलाचे होते. आधीची रीत अशी, की खात्याने योजना आखायची, ठेकेदाराने बांधायची आणि गावाने पाहायची. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. जलस्वराज्यमध्ये योजना हवी की नको, कोणती हवी, हे ग्रामसभेने ठरवायचे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, कारण हंडा ज्याच्या डोक्यावर असतो त्यालाच पाण्याचे अंतर कळते. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांना. भांडवली खर्चाच्या किमान दहा टक्के लोकवर्गणी गावाची, आणि चालविण्या-राखण्याचा संपूर्ण खर्चही गावाचा. पैसा हप्त्याहप्त्याने समितीच्या खात्यावर, आणि समितीवर लक्ष ठेवायला गावचीच सामाजिक लेखापरीक्षण समिती.

सभासदहो, ही दहा टक्क्यांची कल्पना परदेशी आहे असे कुणी म्हणेल तर ते आपण मान्य करू नये. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. त्या काळी साखर कारखान्याची यंत्रसामग्री परदेशातूनच येई आणि वित्तसंस्थेचे कर्जही लागे. पण शेतकऱ्याने आपल्या गाठीचा भाग घातला म्हणून तो कारखाना शेतकऱ्याचा झाला. भागाची रक्कम लहान, पण त्या रकमेने सभेत उभे राहून "हिशेब दाखवा" म्हणण्याचा हक्क मिळतो. लोकवर्गणी म्हणजे गावाच्या पाण्याचा भाग. वॉशिंग्टनहून आलेल्या कागदात जे छापून आले ते आपल्या बापजाद्यांनी आधी करून दाखविले होते.

आणि आपल्याकडे भागाचे जे झाले तेच काही गावांत वर्गणीचे झाले, हेही लपवू नये. कुठे ठेकेदारानेच गावाची वर्गणी भरून टाकली, कुठे पुढाऱ्याने भरली आणि निवडणुकीत वसूल केली, अशी उदाहरणे आपण सर्वांनीच ऐकली आहेत. ज्याने वर्गणी भरली, योजना त्याची झाली. गाव पुन्हा पाहुणा. आमच्या सुरुवातीच्या गृहस्थांचे "आमाला काय विचारून बांधली व्हय?" हे उत्तर तिथून निघते. वार्षिक सर्वसाधारण सभेला न येता घरबसल्या "मंजूर, मंजूर" म्हणणाऱ्या सभासदाची आणि ग्रामसभेला न जाता कोऱ्या वहीवर सही करणाऱ्या ग्रामस्थाची जात एकच.

आता जबाबदारी आपली

आता परदेशी पैशाचा प्रश्न पुष्कळ मागे पडला आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमधून घरटी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी असे उद्दिष्ट ठेवले गेले. पैसा केंद्र आणि राज्याचा. पण रीत पहा : गावाची समिती, गावांतर्गत कामासाठी सर्वसाधारणपणे दहा टक्के लोकवर्गणी, डोंगरी आणि अनुसूचित जाती-जमातींच्या गावांना पाच टक्के, पाणी तपासायला गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण. बाहेरच्या मदतीच्या प्रकल्पांत जे शिकले गेले ते आता देशाच्या रीतीत उतरले. पंधराव्या वित्त आयोगानेही २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. तेव्हा "पैसा नाही" ही सबब आता तितकीशी चालणारी नाही. पंचायतीला अधिकार आहे, समितीला कायद्याचा आधार आहे. उणीव आहे ती आपली.

इथे आम्हाला एक कडू गोष्ट बोलावी लागते. योजना चांगली, मोटार चालू, आणि तरी उन्हाळ्यात विहीर आटते. का आटते? त्या विहिरीच्या आजूबाजूला आपल्याच सभासदांच्या बोअर रात्रंदिवस चालू असतात म्हणून. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, त्याला चैत्र-वैशाखातही पाणी लागते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. परंतु सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेऊ नये, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ सालीच झाला. पुढे २००९ चा अधिक व्यापक भूजल कायदा २०१४ पासून अमलात आला. आपल्यापैकी किती जणांनी हे अंतर कधी मोजले? जागतिक बँक येवो की दिल्ली, जमिनीखालचे पाणी दोघांनाही वाढवून देता येत नाही. ते वाटून घेण्याचे शहाणपण गावालाच दाखवावे लागेल. तळे राखील तो पाणी चाखील हे खरे. पण आधी राखले पाहिजे.

आणि आपला कारखाना?

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावांच्या दृष्टीने 'बाहेरची मदत' म्हणजे पुष्कळदा आपला कारखानाच असतो. मोटार जळाली, कारखान्याचा फिटर पाठवा. पाणी आटले, कारखान्याचा टँकर पाठवा. कारखाना पाठवितोही, आणि ते योग्यच आहे. तहानलेल्याला आधी पाणी, हिशेब नंतर. परंतु दरसाल तेच गाव, तीच मोटार, तोच टँकर असे होऊ लागले, तर आपण त्या पंचायतीला मदत करीत नसून तिला पांगळी करीत आहोत. परदेशी बिडाच्या पंपाने जे केले तेच आपण करतो.

काही सभासद सुचवितात की पाणीपट्टीही ऊस बिलातून कापून पंचायतीला द्यावी, म्हणजे कटकट मिटेल. कटकट मिटेल खरी, पण पंचायत वसुली विसरेल आणि गाव जाब विचारायला विसरेल. शिवाय ज्याच्या घरी उसाचे कांडे नाही, त्या मजुराच्या पाण्याचे काय? कपातींची यादी आधीच कमी लांब नाही. आमचे मत या सूचनेविरुद्ध आहे. पाणीपट्टी पंचायतीनेच मागावी, पावती द्यावी आणि जमाखर्च चावडीवर लावावा.

त्याऐवजी आमची सूचना अशी. बिगर हंगामात ओव्हरहॉलिंगची कामे चालू असतात, तेव्हा आपल्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक गावच्या जलसुरक्षकाला आठवडाभर बोलवावे. स्टार्टर कसा तपासायचा, बेअरिंग कधी बदलायचे, व्हॉल्व्ह कसा उघडायचा, टीसीएल पावडर किती घालायची, लॉगबुक कसे ठेवायचे, हे आपल्या फिटर-इलेक्ट्रिशियन मंडळींनी आणि प्रयोगशाळेने त्याला शिकवावे. कारखान्याला यात फारसा खर्च नाही. टँकर द्यायचा तर ग्रामसभेच्या ठरावावर द्यावा, आणि त्या ठरावातच पुढच्या वर्षी टँकर लागू नये म्हणून गाव काय करणार ते लिहून घ्यावे. संचालक मंडळाने आणि वार्षिक सभेने याचा विचार करावा अशी आमची विनंती आहे.

गावाकडूनही तीन गोष्टींची अपेक्षा आहे. कोणतीही योजना आली की ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा : हा पैसा कर्जाऊ की अनुदान? बांधणारे निघून गेल्यावर चालविणार कोण? आणि मोडले तर दुरुस्तीचा पैसा कुठल्या खात्यावर? या तिन्हींची उत्तरे वहीत लिहून घेतल्याशिवाय हात वर करू नका. मग मदत जर्मनीची असो, जागतिक बँकेची असो, दिल्लीची असो की आपल्या कारखान्याची.

राज्यात २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा कुणी परदेशी तज्ज्ञ आले नव्हते. लोकांनी खराटे हातात घेतले आणि गावे उजळली. आपली जुनी म्हण आहे, गाव करी ते राव न करी. राव दूरदेशीचा असला तरी तो पैसा देईल, नमुना देईल, चार नवी माणसे पाठवील. पण रोज सकाळी सहाला उठून व्हॉल्व्ह सोडायला तो यायचा नाही.

त्या गावच्या टाकीची मोटार अजून जळालेलीच आहे. पुढच्या ग्रामसभेला तिथले आपले सभासद किती हजर राहतात, हे आम्ही मुद्दाम पाहणार आहोत.